पाटी लागण्याआधी : आमच्या हायस्कूलच्या प्रकल्प नोंदी

29 ऑक्टोबर 2023
मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर, हॉलमध्ये सभा. साठेक माणसं. विषय एकच: धर्मग्रामाची, म्हणजे आमच्या चर्चखालच्या परिसराची, शाळा सातवीला संपते, पुढे मुलं तीन दिशांना पांगतात, तर आपलंच हायस्कूल का नको? फादरांनी प्रवचनातच सूतोवाच केलं होतं. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) ख्रिस्ती शिक्षणावरची घोषणा प्रसृत केली. त्या दिवसाला काल 58 वर्षं झाली, तेवढं निमित्त त्यांना पुरलं.

पहिला तास इमारतीवर गेला. मजले किती, मैदान कुठे, घंटा बुरुजावर की व्हरांड्यात. मी मागच्या बाकावरून विचारलं, "मुलं किती?" हॉल गप्प. मग नेहमीचंच झालं, ज्याने प्रश्न विचारला त्याच्या गळ्यात काम. मी समितीचा चिटणीस. पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, आता हे. नोंदी ठेवायची सवय आहे म्हणून ही वही.

19 नोव्हेंबर
मुलं मोजायची तर सुरुवात कुठून? फादरांनी कपाट उघडून बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या समोर ठेवल्या. यापेक्षा चांगला दस्तऐवज मला आयुष्यात क्वचितच मिळाला असेल. एकेका ओळीत मूल, आईवडील, धर्ममातापिता, तारीख. शेजारच्या समासात पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्नाची नोंद चढत जाते. चर्चच्या कायद्यानेच ती चढवायची असते.

2011 मध्ये 58 बाप्तिस्मे, 2012 मध्ये 64, 2013 मध्ये 51. आठवीचा पहिला वर्ग 2025 मध्ये भरला तर 2012 ची मुलं ही आपली पहिली तुकडी. फादर खूश: "चौसष्ट! दोन वर्ग होतील." मी म्हटलं, फादर, ही जन्माची वही आहे, हजेरीची नव्हे.

10 डिसेंबर
तीन रविवार घरोघरी फिरलो. 64 पैकी 37 कुटुंबं अजून इथे राहतात. बाकीची नोकरीच्या मागे गेली. उलट, नंतर इथे राहायला आलेल्या 14 घरांत त्या वयाची मुलं आहेत, ती अर्थात वहीत नाहीत. एकूण 51. त्यातले चाळीस पालक "हो, हो, नक्की" म्हणाले. तोंडी होकार मी निम्म्याहून थोडे जास्त धरतो, फार तर पाऊणपट. म्हणजे पंचवीस-तीस मुलं, एक वर्ग. अहवालात हाच आकडा लिहिला. समितीत दोघांना तो अपमान वाटला.

एक घर डोक्यातून जात नाही. वहीत 2011 ची नोंद, मुलगा आता बारा वर्षांचा. सहावीनंतर शाळा सुटली. मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मी गेलो तेव्हा ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "काका, दोन पंक्चर आहेत, एक नाही. एकच दिसलं की लोक बघायचं थांबवतात." हे वाक्य मी माझ्या खात्यातल्या निम्म्या तपासनीसांना ऐकवलं असतं.

14 जानेवारी 2024
आज मालकी. कंटाळवाणा विषय वाटतो, पण शाळा बुडतात त्या इथेच. बाकीचं रडगाणं नंतर सुरू होतं.

वाटा चार: धर्मप्रांताने (बिशपांच्या हाताखालचा सगळा प्रदेश) चालवायची, धर्मग्रामाने, सिस्टर किंवा ब्रदरांच्या एखाद्या व्रतस्थ संघाने, किंवा प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्या साध्या लोकांच्या संस्थेने. फादरांनी कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, पुस्तक आणलं होतं. त्यातलं कलम म्हणजे कॅनन. 803 वा कॅनन त्यांनी वाचून दाखवला: कॅथलिक शाळा म्हणजे चर्चचा अधिकारी किंवा चर्चची मान्यताप्राप्त संस्था जी चालवते ती, किंवा चर्चच्या अधिकाऱ्याने जिला लेखी दस्तऐवजाने तसं मानलंय ती. धर्मग्राम ही कायद्याने आपोआपच अशी संस्था ठरते. तेव्हा नवी संस्था काढायची गरज नाही, वित्त समिती आहेच.

पण शिकवणार कोण? शिक्षणकार्यासाठीच असलेल्या एका भगिनीसंघाला आम्ही पत्र पाठवलं होतं. उत्तर नम्र आणि स्पष्ट: नवी शाळा घ्यायला आमच्याकडे सिस्टरच नाहीत. दोन वर्षांसाठी एक सिस्टर देऊ, त्याबद्दल बिशपांशी लेखी करार करावा लागेल. काही ज्येष्ठ मंडळी हिरमुसली. त्यांच्या मनातली कॅथलिक शाळा म्हणजे पांढऱ्या झग्यातल्या पाच सिस्टर आणि व्हरांड्यात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते दिवस गेले. प्रापंचिक शिक्षकांवर रोमहून वेगळा दस्तऐवज 1982 मध्येच निघाला, आणि आम्ही 2024 मध्ये दचकतोय.

19 मार्च
संत योसेफाचा सण. 'कॅथलिक शाळा' हा रोमचा दस्तऐवज 1977 साली याच तारखेचा, हे फादरांनी सांगितलं आणि लगेच मतदान घेतलं. धर्मग्रामाचंच हायस्कूल, ठराव मंजूर. दोन विरोधी, एक तटस्थ.

संध्याकाळी गंमत झाली, म्हणजे आता गंमत वाटते. आमच्यातले एक जण पेंटर. ठराव होताच त्यांनी उत्साहाने पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि हॉलच्या दारावर ठोकलीसुद्धा. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, मध्ये क्रूस, खाली ठसठशीत "कॅथलिक हायस्कूल". लोक मोबाइलवर फोटो काढत होते. फादर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "उतरवा."

त्याच 803 व्या कॅननचा तिसरा भाग: शाळा प्रत्यक्षात कॅथलिक असली तरी चर्चच्या सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीवाचून 'कॅथलिक शाळा' हे नाव लावायचं नाही. इथे अधिकारी म्हणजे बिशप, आणि आमचा अर्जसुद्धा अजून गेलेला नाही. पेंटर रागावले: "म्हणजे मी काय खोटं लिहिलंय?" फादर म्हणाले, "खोटं नाही, आधी लिहिलंय." पाटी साक्रिस्तीत (मिस्सेची तयारी होते त्या खोलीत), भिंतीकडे तोंड करून ठेवली.

7 एप्रिल
शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांचा दिवस, पण यंदा पास्काचा (ईस्टरचा) दुसरा रविवार आल्याने मिस्सेत त्यांचं नावही निघालं नाही. सभेत मात्र निघालं. शाळेला नाव कुणाचं? एका गटाला दे ला साल हवे होते: 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना सगळ्या शिक्षकांचे आश्रयदाते ठरवलं. दुसऱ्या गटाला डॉन बॉस्को. संघाने दिलेल्या सिस्टरांनी जोसेफ कलासान्झ यांचं नाव काढलं, रोममध्ये 1597 साली गरीब मुलांसाठी विनाशुल्क शाळा काढणारे. ते निम्म्यांनी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे विरोधही कमी झाला. शेवटी एक नाव ठरलं. पाटीचा धडा ताजा आहे, म्हणून संमती येईपर्यंत ते वहीतही लिहायचं नाही असं मीच ठरवलं.

16 जून
देणगी आली. मोठी, निनावी आणि अट असलेली: फक्त शाळेतल्या चॅपेलसाठी.

आमच्याकडे विज्ञानाची प्रयोगशाळा नाही, पाण्याचा नळ नाही, मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहं नाहीत, आणि खात्यात चॅपेलचे पैसे पडून. समितीत सूर निघाला: तात्पुरते वळवू, पुढच्या वर्षी परत भरू. मी उभा राहिलो. विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूला वापरायचं हे 1267 व्या कॅननमध्ये साफ लिहिलंय, आणि ते लिहिलेलं नसतं तरी मी सही केली नसती. "तात्पुरते वळवलेले" पैसे परत आलेले मी पस्तीस वर्षांत दोनदा पाहिले. दोनदाच.

फादरांनी दात्याला जाऊन परिस्थिती सांगितली. दाता म्हणाला, चॅपेल लहान करा, उरलेल्यातून नळ घ्या. तसं लेखी घेतलं. चॅपेल आता एका वर्गखोलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. आधीच्या नकाशात ते हॉलएवढं होतं. मला हेच बरं वाटतं.

चॅपेलची आणखी एक बाजू आम्हाला ठाऊक नव्हती. पवित्र साक्रामेंत (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) तिथे ठेवायचं तर धर्मप्रांताची परवानगी लागते, सांभाळणारं माणूस लागतं, आणि शक्यतो महिन्यातून निदान दोनदा तिथे मिस्सा व्हायला हवी. ते ठेवतात त्या पेटीची किल्ली कुणाकडे, हेही ठरवावं लागतं. एकट्या फादरांना महिन्यातून आणखी दोन मिस्सा जमतील का? ते डायरी काढून बराच वेळ बघत बसले. पहिल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी, सकाळी साडेसातला. किल्ली सिस्टरांकडे.

22 सप्टेंबर
वेळापत्रकाचं गणित. सगळ्यांना वाटतं नव्या शाळेत पैसा इमारतीत जातो. खरी गोम इथे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आठवडा पाच दिवसांचा, रोज सात तास, म्हणजे 35 तासिका. गणित 6, विज्ञान 6, दोन भाषा 5 आणि 5, इतिहास-भूगोल 5, धर्मशिक्षण 2, उरलेल्या 6 कला, खेळ, संगणक. एका शिक्षकाने आठवड्याला 24 तासिका घ्याव्यात असं धरलं तर एका वर्गाला दीड शिक्षक पुरतो. पण दीड माणसात पाच विषय मावत नाहीत. पाच माणसं नेमली तर प्रत्येकाला अर्धंही काम नाही आणि पगार मात्र पूर्ण. फी दुप्पट करावी लागेल.

दुसऱ्या वर्षी 70 तासिका, तिसऱ्या वर्षी आठवी-नववी-दहावी मिळून 105. तेव्हा साडेचार शिक्षक लागतात आणि गणित आपोआप जुळतं. म्हणजे तोटा रचनेतच आहे, आणि तो पहिल्या दोन वर्षांचा आहे. हे आधी दिसलं नाही की दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पगार थकतात, चांगले शिक्षक निघून जातात, मग पालक आणि शेवटी मुलं.

ठरलं ते असं. गणित-विज्ञान एका व्यक्तीकडे, 12 तासिका. उरलेल्या वेळात तिने प्रयोगशाळा उभी करायची. दोन्ही भाषा दुसऱ्याकडे, 10 तासिका आणि ग्रंथालय. इतिहास-भूगोल मुख्याध्यापक स्वतः. धर्मशिक्षण सिस्टर. उरलेल्या सहा तासिकांना मानधनावर दोघे. दोन वर्षांचा तोटा भरून काढणारा निधी शाळा उघडण्याआधी खात्यात दिसला पाहिजे, नाहीतर एक वर्ष थांबायचं. हा ठराव मी शब्द न शब्द स्वतः लिहिला.

एकाने विचारलं, चारही वर्गखोल्या आताच का बांधत नाही, लोकांचा उत्साह आहे तोवर? कारण रिकाम्या खोल्यांनाही दुरुस्ती लागते, एवढंच उत्तर दिलं. वाढायचं ते वर्षाला एक वर्ग या चालीने.

17 नोव्हेंबर
फी. आज आवाज चढले, माझाही.

खर्च भागिले मुलं म्हणजे पूर्ण फी. ती भरू शकतील अशी घरं मी मोजली होती: निम्म्याहून थोडी अधिक. बाकीच्यांचं काय? एक मत: पहिली दोन वर्षं ज्यांना परवडतं त्यांनाच घेऊ, बस्तान बसलं की गरिबांसाठी दार उघडू. हिशेब तपासणाऱ्याला हे पटायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर अर्धा मिनिट पटलंही.

सिस्टरांनी 1965 ची घोषणा काढून नववा भाग वाचला. चर्चने शिक्षणात विशेष काळजी कुणाची घ्यायची? जे संपत्तीने गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार आणि माया नाही, आणि ज्यांच्याकडे श्रद्धेचं दान नाही. बस्तान बसल्यावर, असं त्यात कुठे नाही.

मग मी एक अट घातली. फी माफ म्हणजे पैसे लागत नाहीत असा अर्थ होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून येतात. तो खिसा आधी लिहा. तासाभराने लिहिला गेला: महिन्यातल्या एका रविवारी मिस्सेत दुसऱ्यांदा गोळा केलेलं दान फक्त फी-निधीला, पूर्ण फी भरणाऱ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी दीडपट, तीन पायऱ्या — पूर्ण, तिसरा हिस्सा, आणि शून्य. कोण कुठल्या पायरीवर, हे फक्त फादर, मुख्याध्यापक आणि मला ठाऊक. वर्गात कळता कामा नये. पावतीपुस्तक सगळ्यांना एकाच रंगाचं.

8 डिसेंबर
शासनाच्या मान्यतेची फाइल गेली. नकाशे, अग्निसुरक्षा, पाणी, शिक्षकांच्या पात्रता, संस्थेचा ठराव. चार प्रतींत. याबद्दल आणखी लिहावं असं काही नाही. बिशपांकडचा अर्ज त्याच दिवशी पाठवला.

18 जानेवारी 2025
मुलाखती. मुख्याध्यापिका मिळाल्या. वीस वर्षांचा अनुभव, आवाज हळू, प्रश्न टोकदार. त्यांनीच आमची मुलाखत घेतली म्हणा ना. "मुलाला काढून टाकायचा अधिकार कुणाचा? माझा की समितीचा?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हे ठरवलंच नव्हतं. दुपारपर्यंत ठरवलं: त्यांचा, पण फादरांशी बोलल्याशिवाय नाही.

गणिताला सात अर्ज. सगळ्यांत सरस बाई कॅथलिक नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. चर्चचा कायदा शिक्षकांकडून शुद्ध शिकवण आणि सचोटीचं जगणं मागतो. त्याच कायद्याचा 806 वा कॅनन असंही म्हणतो की कॅथलिक शाळेतलं शिक्षण परिसरातल्या इतर शाळांपेक्षा कमी दर्जाचं असू नये. धर्मशिक्षण शिकवणारा धर्मप्रांताच्या मान्यतेचा हवा, तिथे तडजोड नाही. त्रिकोणमितीचं काय?

त्या बाईंनीच कोंडी फोडली. "सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मी काय करायचं?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आम्ही प्रार्थना करू, तुम्ही मुलांसोबत उभ्या राहा. ओठ हलवायची गरज नाही. पण उशिरा यायचं नाही." बाई म्हणाल्या, "उभी राहीन. आणि मुलाने मला देवाबद्दल विचारलं तर?" सिस्टर म्हणाल्या, "खरं सांगा. आणि मग माझ्याकडे पाठवा." नेमणूक झाली. जानेवारी 2022 च्या रोमच्या सूचनापत्रात आहे, शाळेचं कॅथलिकपण एकट्या धर्मशिक्षकाच्या, मुख्याध्यापकाच्या किंवा मिस्सेच्या खात्यात टाकता येत नाही. मला आधी हे वाक्य गोलमोल वाटलं होतं.

इतर धर्मांच्या मुलांचाही प्रश्न याच ओघात निकाली निघाला. कुणावरही श्रद्धेची सक्ती करायची नाही, हा चर्चचाच कायदा. प्रवेश अर्जावर पालकांनी खूण करायची: धर्मशिक्षण की मूल्यशिक्षण. दोन्ही एकाच वेळी, दोन खोल्यांत.

23 फेब्रुवारी
दारं. सुताराला बोलावून सगळ्या खोल्यांच्या दारांना, कार्यालयाच्यासुद्धा, डोळ्याच्या उंचीवर काचेची चौकट बसवायला सांगितली. दारं नुकतीच पॉलिश केलेली. तो हळहळला, "चांगलं सागवान कापायचं?" कापायचं. एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस बंद दाराआड असता कामा नये, मग तो शिक्षक असो, धर्मगुरू असो की समितीचा चिटणीस. चर्चने हा धडा फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन घेतलाय. तक्रार नोंदवायची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात हवी हा पोप फ्रान्सिस यांचा आदेश 2019 चा. तक्रार ऐकणारी व्यक्ती आम्ही शाळेबाहेरची नेमली, समितीत जिचा कुणी नातलग नाही अशी. तिचा फोन नंबर स्वच्छतागृहांच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा ही सूचना मुख्याध्यापिकांची. मूल तिथे एकटं असतं, नंबर लिहून घेताना कुणी बघत नाही.

पहिली चौकट कापली तेव्हा काच दोन बोटं वर बसली. सिस्टर उंचीने लहान, त्यांना आतलं दिसेना. सगळ्या पुन्हा खाली घेतल्या.

21 एप्रिल
सोमवार, पास्काच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी. प्रवेशाची बैठक रद्द. संध्याकाळच्या मिस्सेत प्रार्थनेतून पोपचं नाव गळलं, थेट बिशपांचं नाव आलं. ती जागा कानाला रिकामी लागली.

कार्यालयासाठी फ्रेम केलेला त्यांचा फोटो गेल्याच आठवड्यात आला होता. लावायचा की नाही? मुख्याध्यापिका म्हणाल्या, खिळा ठोकून ठेवा. मी मात्र वेगळ्याच चिंतेत: बिशपांकडच्या आमच्या अर्जाला आता थांबावं लागेल का? फादर दुःखातही हसले. रोमची खुर्ची रिकामी असली तरी बिशप आपल्या धर्मप्रांताचे बिशपच असतात. मला विचारायलाच नको होतं, त्या दिवशी तरी.

9 मे
काल नवे पोप: लिओ चौदावे. पेंटरांचा फोन: "फोटो मिळाला की खिळा आहेच." फ्रान्सिस यांचा फोटो ग्रंथालयात लावायचा ठरलं.

30 मे
पत्र आलं. एक पान, शिक्का, सही. धर्मग्रामाला हायस्कूल उघडण्यास आणि 'कॅथलिक' हे नाव वापरण्यास संमती. सोबत अटी: दरवर्षी हिशेब सादर करायचे (आनंदाने), धर्मशिक्षकाची नेमणूक धर्मप्रांताच्या मान्यतेने, आणि तिसऱ्या वर्षी बिशप स्वतः येऊन शाळा पाहतील. फादरांनी ते हॉलमध्ये मोठ्याने वाचलं. मी दोन प्रती काढून मूळ पत्र तिजोरीत ठेवलं आणि मग घरी जाऊन एकटाच बराच वेळ बसून राहिलो. शासनाची मान्यता त्याच्या अकरा दिवस आधी आली होती. तेव्हा असं काही झालं नव्हतं.

29 जून
31 प्रवेश. डिसेंबर 2023 मध्ये पंचवीस-तीस म्हटलं होतं. कुणी कौतुक केलं नाही, म्हणून इथे स्वतःच नोंदवतो.

31 वा प्रवेश सायकलच्या दुकानातल्या मुलाचा. आता चौदा वर्षांचा, दोन वर्षं शाळा नाही. मुख्याध्यापिकांनी तासभर बोलून पाहिलं: वाचतो अडखळत, तोंडी हिशेब माझ्याहून जलद. आठवीत बसवायचं, शाळा सुटल्यावर भाषेच्या बाई रोज पाऊण तास देतील. पायरी शून्य. खिसा: रविवारचं दान.

27 जुलै
पाटी बाहेर काढली. सव्वा वर्ष भिंतीकडे तोंड करून होती. रंग शाबूत, एका कोपऱ्याला थोडा गंज. पेंटर स्वतः पुसत होते. दारावर चढवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात भाषेच्या नव्या बाई खालून म्हणाल्या, "स्कू दीर्घ हवा ना?"

सगळ्यांनी वर बघितलं. "हायस्कुल." पहिला उकार. ठराव झाला त्या दिवशी पन्नास जणांनी तिचे फोटो काढले होते, फादरांनी वाचून उतरवायला लावली होती, आणि मी तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. या वहीत मागे मीच तो शब्द दीर्घ लिहून ठेवलाय, म्हणजे वाचला नव्हता, समजून घेतला होता. मला ट्यूबमधलं दुसरं पंक्चर आठवलं. पेंटर काही बोलले नाहीत. शिडीवरच निळा डबा मागितला, ऱ्हस्व उकार बुजवला, वाळेपर्यंत वरच बसले, मग पांढऱ्याने दीर्घ काढला. तिरप्या उन्हात जुना उकार अजून दिसतो.

4 ऑगस्ट
शाळा उघडली. साडेसातला मिस्सा, मग प्रार्थना, मग हजेरी. पटावर 31, हजर 29. गणिताच्या बाई दुसऱ्या रांगेच्या टोकाला हात बांधून उभ्या, सगळ्यांच्या आधी आलेल्या. पहिल्याच तासाला प्रयोगशाळेचा नळ गळायला लागला.

गैरहजर दोन. एकाला ताप. दुसरा तोच.

8 ऑगस्ट
पाचही दिवस आला नाही. संध्याकाळी दुकानात गेलो. मामा म्हणाले, पाठवायला ना नाही, पण सकाळी आठ ते नऊ कामावर जाणाऱ्यांची गर्दी, हवा भरायला माणूस लागतं. नऊनंतर न्या. मुलगा तोंड फिरवून पान्हा पुसत होता. वह्यापुस्तकं कप्प्यात, स्पोकच्या गठ्ठ्याशेजारी, नीट कव्हर घातलेली.

परत येऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं. पहिला तास आठ वीसचा, म्हणजे त्याचा रोज एक तास बुडणार. नियमाप्रमाणे उशिराची खूण, आणि तीन खुणांना पालकांना बोलावणं. बाई म्हणाल्या, "पहिल्या तासाला धर्मशिक्षण आणि खेळ असतील असं वेळापत्रक फिरवता येईल?" मी मांडून पाहिलं. धर्मशिक्षणाच्या दोन तासिका आणि खेळाच्या दोन पहिल्या तासाला बसतात, पाचवा दिवस काही केल्या बसत नाही. तिथे गणितच येतं. आणि धर्मशिक्षण त्याने बुडवावं का, यावर सिस्टर अजून काही बोललेल्या नाहीत. सोमवारी चौघांची बैठक, सकाळी साडेसातला.